हातचं न राखता

१८५१ च्या मार्च महिन्यात लंडनच्या ‘द केमिस्ट’ या नियतकालिकात एक लेख छापून आला. लिहिणारा फ्रेडरिक स्कॉट आर्चर हा रसायनशास्त्रज्ञ नव्हता, शिल्पकार होता. ज्यांचे पुतळे घडवायचे त्यांचे फोटो हाताशी असले तर काम नेमकं होतं, म्हणून तो फोटोग्राफीच्या नादी लागला होता. तेव्हा निगेटिव्ह कागदावर काढत. कागदाचे तंतू छाप्यात उतरत आणि माणसाचा चेहरा खरबरीत दिसे. काच वापरली तर तंतूंचा प्रश्न मिटतो, पण गुळगुळीत काचेवर रसायन टिकवायचं कसं? आर्चरला उत्तर सापडलं ते कलोडियनमध्ये. आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की पाकासारखा चिकट द्रव तयार होतो. डॉक्टर तो जखमेवर लावत. आर्चरने त्यात आयोडाइड मिसळून तो काचेवर ओतला, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवली आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवली. चेहऱ्यावरची बारीकशी सुरकुतीही त्या काचेवर स्वच्छ उमटली.

मग त्याने ही सगळी कृती छापून टाकली. पेटंट घेतलं नाही.

त्या काळात असं करणं साधं नव्हतं. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने कागदी निगेटिव्हच्या आपल्या पद्धतीवर १८४१ मध्ये पेटंट घेतलं होतं आणि इंग्लंडात ती वापरून धंदा करणाऱ्याला त्याचे पैसे मोजावे लागत. आर्चरची पद्धतसुद्धा आपल्याच पेटंटात मोडते, असा टॅल्बटचा दावा होता. १८५४ च्या डिसेंबरात लंडनच्या कोर्टात ज्युरीने त्याच्या विरोधात निकाल दिला आणि काचेवरची फोटोग्राफी सर्वांना मोकळी झाली. आर्चरच्या पदरात मात्र काही पडलं नाही. १८५७ मध्ये तो हलाखीत वारला आणि त्याच्या कुटुंबासाठी वर्गणी गोळा करावी लागली. पुढची वीसेक वर्षं जगभरचे बहुतेक फोटो त्याने फुकट दिलेल्या कृतीनेच निघत राहिले.

हौशी फोटोग्राफर एकत्र जमतात. एकमेकांना फोटो दाखवतात, कुठली लेन्स घ्यावी ते विचारतात, फोटो एडिट कसा केला ते सांगतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळ घालवण्याचा प्रकार वाटतो. मला तसं वाटत नाही. फोटोग्राफी वाढली ती या सांगण्या-विचारण्यावर. ज्याला जे कळलं ते त्याने हातचं न राखता दुसऱ्याला सांगितलं, म्हणून ही कला आज तुमच्या-माझ्या खिशापर्यंत पोहोचली आहे.

मुंबईची हवा आणि ओली काच

लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५३ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी, १८५४ च्या ऑक्टोबरात, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभी राहिली. टॅल्बटच्या खटल्याचा निकालसुद्धा तोवर लागला नव्हता. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था त्यानंतर, १८५६ मध्ये आल्या. मुंबईच्या संस्थेत लष्करी अधिकारी होते, डॉक्टर होते, सरकारी नोकर होते. एतद्देशीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे तेच हे भाऊ दाजी. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर, आणि फोटोग्राफीत भावाच्या पुढे गेलेले. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला.

ही माणसं एकत्र का आली, हे समजायला ईथरचा एक गुणधर्म पुरेसा आहे. ईथर ३५ अंश सेल्सिअसच्या आतबाहेर उकळतं. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी पारा ३३-३४ वर असतो. म्हणजे ज्या द्रवावर सगळी भिस्त, तो बाटलीचं बूच उघडताच उडून जायला निघालेला. ओली काच तयार करणं, कॅमेऱ्यात घालणं, फोटो घेणं आणि अंधाऱ्या तंबूत परत येऊन ती धुणं, हे सगळं गार हवेतही दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे. इथे तेवढाही अवधी मिळत नसे. लंडनच्या थंडीत लिहिलेली प्रमाणं मुंबईत जशीच्या तशी चालणं शक्य नव्हतं. ज्याची काच साधली त्याने ती कशी साधली हे ज्याची बिघडली त्याला सांगणं, एवढाच मार्ग होता.

सोसायटीने स्वतःचं नियतकालिक काढलं. तिच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ प्रसिद्ध केला. नावातच ‘हौशी’ हा शब्द होता, आणि तो अभिमानाने घातलेला होता. फोटो थेट छापखान्यात छापण्याची सोय त्या वेळी नव्हती, म्हणून अल्बमच्या अंकात खरे छापे चिकटवलेले असत. अंक हाती पडला की दुसऱ्याने काढलेला फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघता येई.

या हौशी मंडळींनी किती मोलाचं काम केलं हे बदामी, ऐहोळे आणि विजापूर सांगतात. मुंबई इलाख्यातल्या प्राचीन वास्तूंचे फोटो काढण्यासाठी सरकारने १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्ज यांची नेमणूक केली. बिग्ज तोफखान्यातले. त्यांच्यानंतर ते काम डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे आलं, ते वैद्यकीय खात्यातले. फोटोग्राफी हा दोघांचाही पेशा नव्हता. त्या वास्तूंची सर्वात जुनी छायाचित्रं आज आपल्याला पाहायला मिळतात ती अशा लोकांमुळे.

आर्चरच्या ओल्या काचेचा शेवटही एका हौशी माणसानेच केला. रिचर्ड लीच मॅडॉक्स हे इंग्लंडातले डॉक्टर. ईथरच्या वाफांनी त्यांची प्रकृती बिघडली, म्हणून त्यांनी कलोडियनच्या जागी जिलेटिन वापरून पाहिलं. प्रयोग अर्धवट होता. काच कोरडी चालत होती, पण प्रकाशाला फार मंद होती. तरी १८७१ मध्ये त्यांनी तो अर्धवट प्रयोग जसाच्या तसा छापायला दिला. इतरांनी तो उचलला, सुधारला. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी जिलेटिनचं मिश्रण बराच वेळ ऊबदार ठेवलं की ते कितीतरी पट संवेदनशील होतं हे दाखवलं आणि तेही जाहीर केलं. आता फोटो सेकंदाच्या अंशात निघू लागला. दहा वर्षांनी, १८८८ मध्ये, शंभर फोटोंची गुंडाळी भरलेला कोडॅक बाजारात आला. फोटो काढून झाले की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, बाकी सगळं ते करत. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला.

त्यानंतर गप्पांचा विषय बदलला. रसायनं कारखान्याने सांभाळली, तेव्हा हौशी मंडळी एकमेकांना विचारू लागली की फोटोत काय दिसतंय.

आठ बाय बारा

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालाने फिरणारे संच सुरू झाले. एक पेटी सभासदांच्या घरी आळीपाळीने जायची. प्रत्येकाने आतले छापे पाहायचे, प्रत्येकाबद्दल वहीत लिहायचं, आपला जुना छापा काढून नवा ठेवायचा आणि पेटी पुढे पाठवायची. आपल्याकडे मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली, १९५३ मध्ये देशभरच्या क्लबांचा मिळून फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी हा संघ झाला. सलोन म्हणजे स्पर्धात्मक प्रदर्शनं भरू लागली. सलोनात परीक्षकांसमोर फोटो काही सेकंद येतो आणि त्याला गुण मिळतात. गुणांनी उमेद वाढते, पण चुकलं काय ते गुण सांगत नाहीत. ते सांगायला समोर माणूस लागतो.

पुण्यात आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी भेटतो. नियम दोनच. फोटो लॅबमधून आठ बाय बारा इंचांचा छापून आणायचा. आणि ज्याचा फोटो असेल त्याने पहिली पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. दुसरा नियम कडक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. फोटो काढणाऱ्याला पहाटेची थंडी, घाटातली धावपळ, ढोलकीचा आवाज, सगळं आठवत असतं. बघणाऱ्याला फक्त कागद दिसतो. आधी कागदाला बोलू द्यावं.

एकदा कॉलेजात शिकणारी एक मुलगी दिवेघाटातला वारीचा फोटो घेऊन आली. वर काळं आभाळ, खाली पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांचा लोंढा, मध्ये डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी. दोघं-तिघं “छान” म्हणाले. मग बँकेतून निवृत्त झालेले आमच्यातले काका म्हणाले, “मला आधी डावीकडची ती पिवळी छत्री दिसली. मग पताका. मग मी थेट फोटोच्या बाहेर. तुला मला कुणाकडे न्यायचं होतं?”

पाच मिनिटं संपल्यावर ती म्हणाली, “आजींकडे, काका.”

“मग तू एक पाऊल उजवीकडे सरकायला हवं होतंस. छत्री आजींच्या मागे गेली असती. आणि मला सांग, सदरे एवढे मळके का दिसतायत? वारीला निघालेला माणूस धुतलेला सदरा घालतो.”

त्या मळकेपणाचं कारण कॅमेऱ्यात होतं. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. चौकटीत पांढरं जास्त असेल तर तो फोटो अंधारतो, काळं जास्त असेल तर उजळतो. पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत किंवा काश्मीरच्या बर्फात कॅमेऱ्याला एक स्टॉप जास्त उजेड घ्यायला सांगावं लागतं, तेव्हा पांढरं पांढरं येतं. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. काळी म्हैस किंवा कोळशाची वखार असेल तर उलट, एक स्टॉप कमी. ही गोष्ट त्या मुलीने पुस्तकात वाचली होती. मळक्या सदऱ्यांवर बोट ठेवल्यावर ती तिची झाली.

उपयोगी सल्ला असा असतो. तो छाप्यातल्या एका जागेवर बोट ठेवतो, तिथे काय बिघडलं ते सांगतो आणि पुढच्या वेळी पाय कुठे ठेवायचा, कुठलं बटण दाबायचं तेही सांगतो. “भारी” म्हणून पुढे गेलेला माणूस गोड बोलला असेल, पण त्याने काही दिलं नाही.

बॉडी, लेन्स आणि खिसा

निघताना त्या मुलीने विचारलंच, “काका, कॅमेरा बदलू का?”

हा प्रश्न प्रत्येक गटात येतो आणि त्यावर तासन् तास जातात. आकडे मांडले तर मात्र उत्तर लवकर मिळतं.

तिचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदूंचा. आठ बाय बाराचा छापा इंचाला ३०० बिंदू धरून काढला तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदू लागतात. तिच्याकडे त्याच्या पावणेतीन पट आहेत. ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर छाप्याची बाजू दुप्पट होणार नाही, ती वाढेल १.४ पट. बिंदू लांबी आणि रुंदी दोन्हींत वाटले जातात.

मग सेन्सर मोठा घ्यावा का? फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा. तिच्या कॅमेऱ्यातला साधारण २३.५ गुणिले १५.६. क्षेत्रफळात फरक सुमारे २.४ पट, म्हणजे एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त. आता लेन्स पाहा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडते. ५० मिलिमीटरची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. हे आकडे भागाकाराचे आहेत, म्हणून आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की ९.७ येतात. जवळजवळ दहापट प्रकाश, तीन स्टॉपांपेक्षा जास्त. घरातल्या समईच्या उजेडात, कीर्तनाच्या मंडपात, संध्याकाळच्या घाटावर हा फरक डोळ्यांना दिसतो. आणि ५० ची एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांच्या यादीतल्या सर्वात स्वस्त लेन्सांपैकी एक असते. सुरुवात करणाऱ्याने बॉडीआधी लेन्स घ्यावी असं अनुभवी लोक सांगतात, त्याचं गणित हे आहे.

काकांनी तिला दुसरंच विचारलं. “सध्याच्या कॅमेऱ्याने कुठला फोटो काढता येत नाहीये, ते सांग. घाटातल्या फोटोला नवी लेन्सही लागत नव्हती. एक पाऊल लागत होतं.” वस्तू घेण्याआधी आपल्याला न जमलेला फोटो नेमका सांगता यायला हवा. पक्षी दूर राहतो म्हणून फोटो होत नसेल तर लांब पल्ल्याची लेन्स. धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर ट्रायपॉड. असा फोटो सांगता येत नसेल तर पैसे एस.टी.च्या तिकिटात घालावेत.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांना एक सल्ला सगळ्यांच्या आधी द्यायला हवा आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. पावसाळ्यात लेन्सच्या काचांना बुरशी लागते. चामड्याच्या बंद पिशवीत, कपाटाच्या तळाशी ठेवलेली लेन्स चार महिन्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंनी भरू शकते आणि ते तंतू काचेवरचा लेप खातात. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राहिला पाहिजे. पुड्या ओलावल्या की तापवून पुन्हा कोरड्या करता येतात. जमेल तेव्हा लेन्स बाहेर काढून वापरावी. वापरातल्या लेन्सला हवा लागते, उजेड लागतो, आणि बुरशी सहसा तिच्या वाटेला जात नाही.

अंधारखोली आणि स्लायडर

“हा फोटो खरा आहे की एडिट केलेला?” हा प्रश्न फोटोशॉपबरोबर आला असं पुष्कळांना वाटतं. फोटोशॉप १९९० चं. प्रश्न त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधीचा आहे.

त्या काळची रसायनं निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत. समुद्र नीट आला की आकाश पांढरंफटक पडायचं. १८५० च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी अशा दोन जोडून एक छापा काढला. क्षितिजाच्या रेषेवर त्यांचा सांधा असे. इकडे मुंबईत, ज्या विल्यम जॉन्सनने हौशी मंडळींचा अल्बम काढला, त्यानेच १८६० च्या दशकात मुंबईच्या जातीजमातींवर दोन खंडांचं पुस्तक केलं. त्यातली माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागची दृश्यं दुसऱ्या ठिकाणची, अशी जोडचित्रं त्यात आहेत. ते फोटो माहितीचा पुरावा म्हणून पाहताना आज ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

विसाव्या शतकात अन्सेल अॅडम्स या अमेरिकी छायाचित्रकाराने छापा काढणं ही कलाच मानली. तरुणपणी तो पियानोवादक व्हायला निघाला होता. निगेटिव्ह ही त्याला गाण्याच्या लिखित स्वररचनेसारखी वाटे, आणि छापा म्हणजे मैफल. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्याने टिपला. त्या एकाच निगेटिव्हमधून तो पुढे कित्येक वर्षं छापे काढत राहिला आणि जसजशी वर्षं गेली तसतसं त्याने त्यातलं आकाश अधिकाधिक गडद केलं. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, प्रकाश पडत असताना हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवायचा, म्हणजे डॉजिंग. पुठ्ठ्याच्या भोकातून एखाद्या भागाला जादा प्रकाश द्यायचा, म्हणजे बर्निंग. अॅडम्सने ही सगळी विद्या पुस्तकांतून उघड केली. आर्चरचा तो खरा वारसदार.

आज तेच काम सॉफ्टवेअरमधल्या स्लायडरने होतं. पण स्लायडर किती ओढता येईल हे फाइलवर ठरतं, आणि ते समजलं की निम्मे वाद मिटतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, १६,३८४. या पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात. सर्वात उजळ स्टॉपला त्यातल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२ मिळतात, त्याखालच्याला ४,०९६, मग २,०४८, असं उतरत जातं. अगदी काळोख्या भागाच्या वाट्याला मूठभर पायऱ्या राहतात. तिथे मुळात प्रकाशही कमी पोहोचलेला असतो, म्हणून अंधारलेला फोटो मागून उजळवला की सावल्यांत दाणे दिसतात. दुसऱ्या टोकाला, जो भाग पूर्ण पांढरा झाला त्यात माहितीच उरत नाही, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. पांढरं फुटणार नाही एवढा जास्तीत जास्त प्रकाश घ्यावा आणि हिस्टोग्राम, म्हणजे छटांचा आलेख, उजव्या भिंतीला आदळत नाही ना ते पाहावं, हा नियम यातून आला.

पुढच्या महिन्यात ती मुलगी दिवेघाटाची रॉ फाइल लॅपटॉपवर घेऊन आली. आम्ही ती सगळ्यांसमोर उघडली. एक्सपोजर एक स्टॉप वर, सदरे धुतल्यासारखे झाले. आभाळ थोडं खाली ओढलं, ढगांचं वजन परत आलं. पदराच्या सावलीतला आजींचा चेहरा अर्धा स्टॉप उजळला. पिवळ्या छत्रीचा रंग फिका केला, तिचा उजेड कमी केला. एवढंच. आता नजर तुळशीवर जाऊन थांबत होती.

कुणीतरी सुचवलं, “छत्री काढूनच टाक ना.” त्यावर बराच वेळ बोलणं झालं. स्वतःच्या भिंतीवर लावायचा असेल तर काढ, कुणाचं काही जात नाही. पण ‘दिवेघाटातली वारी’ म्हणून तो जगासमोर ठेवणार असशील तर छत्री तिथे होती हे खरं आहे. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने एका पुरस्कारविजेत्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला व्हिडिओ कॅमेरा त्याने पुसला होता. सलोनांतही निसर्ग आणि प्रवास या विभागांत फोटोत काही घालायला किंवा काढायला मनाई असते, खुल्या विभागात मुभा असते. छटा बदलणं आणि वस्तुस्थिती बदलणं यांतली रेघ प्रत्येकाने स्वतःशी स्पष्ट ठेवावी. तिने छत्री ठेवली.

काजव्यांची कृती

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस पडायच्या आधी, भंडारदरा-घाटघर परिसरात झाडं काजव्यांनी लखलखतात. त्यांचे फोटो पाहून दर वर्षी माणसं लोटतात. त्या फोटोंत अख्खं झाड हजारो ठिपक्यांनी भरलेलं असतं. तो फोटो एका क्षणाचा नसतो, हे सांगायला हवं.

कृती अशी. दिवस मावळताना, आकाशात निळसर उजेड असताना कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून झाडाचा एक फोटो घ्यायचा. मग कॅमेऱ्याला हात न लावता अंधार होऊ द्यायचा. एफ २.८ किंवा त्याहून उघडी लेन्स, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० च्या आसपास, वीस ते तीस सेकंदांचे एकामागून एक पन्नास-शंभर फोटो. घरी ते एकावर एक रचायचे आणि प्रत्येक ठिकाणी सर्वात उजळ बिंदू तेवढा ठेवायचा. तासभरात जे जे चमकलं ते एका चौकटीत येतं. फोटोखाली हे दोन ओळींत लिहावं. त्याने फोटोची किंमत कमी होत नाही, आणि तिथे जाणाऱ्याची निराशाही होत नाही.

आता या कृतीचा दुसरा भाग. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी. नर उडत उडत खूण करतात, मादी उत्तर देते. टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश, गाडीचे हेडलाइट यांच्या झोतात ही खूण दिसत नाही. प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं असतं. त्यातली एक रात्र आपण वाया घालवली तर पुढच्या वर्षीचे काजवे कमी होऊ शकतात. फोकस उजेड असतानाच करून ठेवायचा, गाडी लांब उभी करायची, आणि अंधारात डोळ्यांना वीस मिनिटं द्यायची. फोटोचं तंत्र सांगणाऱ्याने हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

हातचं न राखता सांगायच्या नियमाला इथे एकच अपवाद आहे, तो जागेचा. १९९५ मध्ये जपानमध्ये एक्झिफ नावाचं मानक ठरलं. त्यामुळे प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये छिद्राचा आकडा, शटरचा वेग, आयएसओ, तारीख आपोआप नोंदली जाते. आर्चरने लेख लिहून दिलेली कृती आज फाइलच सोबत घेऊन फिरते. पण मोबाइल आणि काही कॅमेरे त्यात अक्षांश-रेखांशही लिहितात. घुबडाची ढोली, दुर्मीळ आमरीचं फूल, एकांतातलं घरटं यांचा फोटो त्या नोंदीसह पाठवला तर पत्ता जगाला जातो. अनेक निसर्ग-स्पर्धा घरट्यावरचे फोटो स्वीकारत नाहीत ते पक्ष्यांना त्रास होऊ नये या काळजीपोटी. कास पठारावर फुलांत झोपून काढलेल्या एका फोटोमागे किती रोपं चिरडली जातात, हे तिथे गेलेल्याने पाहिलेलं असतं. कृती सगळ्यांना सांगा, पत्ता जपून ठेवा.

तुमच्या मोबाइलमध्ये या क्षणी हजारभर फोटो असतील. त्यातला एक निवडा. लॅबमध्ये जाऊन आठ बाय बाराचा छापून घ्या आणि ज्याच्या नजरेवर तुमचा विश्वास आहे अशा माणसासमोर ठेवा. पाच मिनिटं गप्प राहा. मग त्याने त्याचा फोटो तुमच्यासमोर ठेवला की ‘छान’ म्हणून थांबू नका. बोट ठेवा, कारण सांगा, आणि तुम्हाला जे येतं ते सगळं त्याला देऊन टाका.